अक्का, तुझी जोडवी सैल नव्हती

अक्का, तुझी माती झाल्यापासून भेटायला येणाऱ्या बायांपैकी एकीनं तरी वेगळं काही बोलावं म्हणून मी वाट बघत होते. न्हाई. जी आली ती माझ्या गळ्यात पडून तेच म्हणाली, "लई सोशीक व्हती गं तुझी अक्का. कधी तोंडातून ब्र काढला न्हाई." चार-पाच जणींपर्यंत मी मान हलवली. सहावीला म्हणाले, "त्यानंच मेली ती." ती बिचारी नांदूरघाटची तुझी शेजारीण, तिचं काय चुकलं? पण तिचं उतरलेलं तोंड बघून मला जरा बरं वाटलं. सोळा दिवसांत मी इतकी वाईट झालेय.

सोशीक! आग लागो त्या शब्दाला. तू सोशीक नव्हतीस, लबाड होतीस. दिंद्रुडला आपल्या दुकानातला गूळ खाऊन, तोंड पुसून अण्णांसमोर उभी राहायचीस आणि "मी न्हाई खाल्ला" असं इतक्या शांतपणे म्हणायचीस की मार मला बसायचा. तसंच खोटं तू माझ्यासमोर खुर्चीवर बसून बोललीस, माझ्या हातात पेन असताना. आणि मी शहाणी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. आता भांडायला तू नाहीस म्हणून लिहायला बसलेय. तुला ऐकावंच लागेल. मधेच "चुलीवर दूध हाय" म्हणून उठून जाता येणार नाही.

तुला शेवटची अंघोळ घालताना तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "जोडवी चांदीची हायत, काढून ठिवा, उद्या लेकीला, गौरीला व्हतील." एका बाईनं ओढून बघितलं. निघेनात. साबण लावला, तेल लावलं, तरी निघेनात. मग कोणीतरी माझ्याकडं बघून म्हणालं, "सुमन, तूच घट्ट करून आनलतीस न्हवं का गं?" हो, मीच. अंबाजोगाईच्या सोनाराकडून घट्ट करून आणली होती. तुझ्या पायाचं बोट सुजलं होतं आणि ते चांदीचं वळं त्यात रुतून बसलं होतं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "राहू द्या, जाऊ द्या तिच्यासंगं."

आपल्या लिंगायतांत बसवून माती देतात. बायांनी मसणात यायचं कारण न्हाई असं दाजींचे चुलते म्हणत होते, मी ऐकलं नाही, गेले. तुला खड्ड्यात बसवलं, स्वामी मंत्र म्हणत होते, भस्म लावत होते, आणि माझ्या डोक्यात काय यावं? की हिला आता कसलीच अडचण नाही, हिला बसायची सवय आहे. जन्मभर कामं उपसून माणूस निदान मेल्यावर तरी आडवं पडतं. तुला तेही मिळालं नाही.

मी नवऱ्याचं घर सोडून परत आले तेव्हा अण्णा आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. दुकानातून घरात यायचे, जेवायचे, परत जायचे. मी घरभर ओरडून सांगितलं होतं, तो मारतो, त्याची आई उपाशी ठेवते, मी जाणार नाही म्हणजे नाही. गल्लीनं ऐकलं. तू नांदूरघाटहून दुसऱ्याच दिवशी आलीस, गौरी कडेवर. माझ्या डोक्याला तेल लावता लावता म्हणालीस, "आलीस ते लई बरं केलंस." मग जरा थांबून हसत म्हणालीस, "पर आता मला यायची सोय न्हाई राहिली बग. एका घरातल्या दोघी परत आल्या तर अण्णांनी तोंड कुठं दाखवावं?" मीही हसले होते तेव्हा. अक्का, मी हसले होते.

आणि तूच अण्णांच्या मागं लागलीस, हिला अंबाजोगाईला कॉलेजात घाला. तुझी शाळा सातवीत सुटली, पण माझ्या बी.ए.चा अर्ज तू देव्हाऱ्यात ठेवून त्याला भस्म लावलं होतंस. तू नसतीस तर आज मी दिंद्रुडला पाट्या उचलत, भावजयीची बोलणी खात बसले असते. हे मी विसरलेले नाही. तुझ्यामुळं मी लिहायला शिकले आणि त्याच लिहिण्यानं तुला घरी पाठवलं, एवढंच म्हणते.

अंबाजोगाईला मी ज्या छातीच्या डॉक्टरांकडं कामाला लागले, त्यांच्याकडं तेव्हा नवीनच प्रकार सुरू झाला होता. नवनवी औषधं गावोगाव यायला लागली होती, कंपन्यांची टाय लावलेली माणसं पेशंटच्या रांगेत बॅगा घेऊन बसायची, डॉक्टरांच्या टेबलावर दर महिन्याला नवं घड्याळ. त्यातल्याच एका कंपनीनं फॉर्म पाठवले. दम्याचा जोर वाढला की पेशंटला विचारून भरायचे. गुळगुळीत कागद, वर फुलाचं चित्र, आणि मराठी अशी की आपल्या सात पिढ्यांत कुणी बोललं नसेल. 'गेल्या आठवड्यात श्वसनाच्या त्रासामुळे आपल्या निद्रेत कितपत व्यत्यय आला?' खाली पाच चौकोन. अजिबात नाही, थोडा, बराच, खूप, असह्य. शून्य ते चार. शेवटी बेरीज करायची. बेरीज एका आकड्याच्या वर गेली की डॉक्टर ठेवून घ्यायचे, खाली असली की गोळ्या देऊन घरी.

डॉक्टरांनी मला शिकवलं होतं, "सुमनताई, पेशंट बोलेल तेच लिहायचं. आपण सुचवायचं नाही, मान हलवायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. तुमचं मत मला नको." जिन्याखाली मला टेबल दिलं, खुर्ची दिली. मला त्या खुर्चीचा लई माज होता. सासरहून परत आलेली, गावानं ओवाळून टाकलेली मी, आणि आता मोठमोठे पाटील माझ्यासमोर बसून "मॅडम" म्हणायचे. महिनाभरात डॉक्टर सगळ्यांना सांगायला लागले की फॉर्म बघावा तर सुमनताईंचा.

पण तू विचार, लोक काय उत्तरं द्यायचे? मी विचारायचे, दम्यामुळं कामाला आडकाठी होते का? बाया म्हणायच्या, "काम कुणाला चुकलंय बाई? करावंच लागतंय." म्हणजे आडकाठी अजिबात नाही. शून्य. एखादीला विचारलं तर तिचा नवराच बोलायचा, "हिला काय धाड भरली? चार भाकरी खाती." बाई पदर तोंडाशी धरून धापा टाकतेय, आणि मी नवऱ्याला म्हणायचे, तुमी गप बसा, पेशंटला बोलू द्या. मग पेशंट नवऱ्याकडं बघून म्हणायची, "तसं काई न्हाई." शून्य. मला कळत नव्हतं असं नाही. पण नियम म्हणजे नियम.

तो नियम मी एकदाच मोडला, तुझ्यासाठी. फाल्गुनात, तुमच्या मिरची कांडपाचा हंगाम भरात असताना. दाजी तुला घेऊन आले तेव्हा तुझे ओठ काळेनिळे झाले होते. तू प्रत्येक प्रश्नाला "न्हाई" म्हणालीस. मी "खूप" वर टिक केली. पुढच्याला "असह्य". शेवटी 'त्रास कशाने वाढतो' यासमोर लिहिलं, मिरचीचा खकाणा, पाण्याच्या घागरी, घरात विश्रांती नाही. डॉक्टरांनी तुला पाच दिवस ठेवून घेतलं, सलाइन लावलं, पंप दिला. पाचव्या दिवशी तू खाटेवर बसून माझ्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्लीस, मधे एकदाही न थांबता. मला वाटलं, जिंकले.

घरी सोडताना डॉक्टरांनी फॉर्म हातात घेऊन दाजींना मोठ्यानं वाचून दाखवला. "यांनीच सांगितलंय बघा, मिरचीचा खकाणा, पाणी भरणं, घरात विश्रांती नाही." दाजींनी मान डोलावली आणि बिल भरलं. पण नांदूरघाटला जाईपर्यंत ते घरभर झालं, आणि घरातून गावभर. सून दवाखान्यात जाऊन सासरचं गाऱ्हाणं कागदावर लिहून आली. तुझ्या सासूबाई म्हणाल्या म्हणे, "एक बहीण नांदली न्हाई, आता हिलाबी वाट दावायलीय." त्यानंतर चार महिने तुला कुणी अंबाजोगाईला येऊ दिलं नाही.

नागपंचमीला तू दिंद्रुडला आलीस ती रागानं लाल होऊन. मला माजघरात ओढलंस. "मी म्हनले व्हते का तसं? सांग. म्हनले व्हते का? कावून लिव्हलंस तू?" मी म्हणाले, तू मेली असतीस. तू म्हणालीस, "मग मेले असते! तुला काय जातंय, तू मोकळी हायस. मला तितंच राहायचंय. गौरीला तितून उजवायचीय." आणि मग तू गळ्यातलं लिंग काढून माझ्या तळहातावर ठेवलंस. वरून तुझा हात. तो गरम होता. "शपथ घे. इथून पुढं मी बोलन तेच लिव्हशील. तुज्या मनाचं एक अक्षर न्हाई." अक्का, शंकराची पिंड दुरून बघून हात जोडणं वेगळं, आणि तुझ्या अंगाची ऊब लागलेलं लिंग मुठीत धरून शपथ घेणं वेगळं. मी घेतली. रडत घेतली, पण घेतली.

त्याच दिवशी मी तुला यष्टी स्टँडवर सोडायला आले. घरापासून स्टँडपर्यंत तू तीनदा थांबलीस. वाण्याच्या ओट्याशी, हापशाजवळ आणि शाळेच्या भिंतीशी. प्रत्येक वेळी खाली वाकून जोडवं नीट करायचीस. "सैल झाल्यात मेली, सारखी निसटत्यात," म्हणायचीस. मी म्हणाले, काढ इकडं, घट्ट करून आणते. तू नको नको म्हणत होतीस, सवाष्णीनं बोडके पाय ठेवू नयेत म्हणून. मी तिथंच भिंतीशी बसवून काढून घेतली आणि तुझ्या पायात आईची जुनी जोडवी घातली. दिवाळीला घट्ट करून दिली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आपण देवळात गेलो तर तू परत पायरीवर वाकलीस. मी म्हणाले, आता काय झालं? तू म्हणालीस, "आता टोचायल्यात." मी सोनाराला शिव्या घातल्या. बी.ए. झालेली, दिवसाला दहा दमेकऱ्यांचे फॉर्म भरणारी मी, सोनाराला शिव्या घालत होते.

आता शेवटचा दिवस. तुला माहीतच आहे, पण मला सांगू दे, कारण मी रोज तोच उगाळतेय.

दिवाळीनंतर थंडी पडली. दाजी आणि सासूबाई तुला घेऊन आले. नंबरला वेळ होता, म्हणून आपण दोघी दवाखान्याबाहेर लिंबाखालच्या बाकावर बसलो. तू थोडं थोडं बोलत होतीस. एक वाक्य, मग थांबायचं, इकडंतिकडं बघायचं, मग दुसरं. मला वाटलं, अजून रागात आहे. तू म्हणालीस, "गौरीला म्हनलं, वेणी तुजी तूच घालत जा आता. मोठी झालीस." मी म्हणाले, बरं केलंस. तू म्हणालीस, "देवळात मंगळारती तीच म्हनती आता. गोड गळा हाय." मी म्हणाले, तुझाच गळा आहे. मग म्हणालीस, "मला गादीच नको वाटती गं. कांडपाच्या दुकानात तुरीच्या पोत्याला टेकलं की मस्त डोळा लागतो." मी म्हणाले, पोत्यात किडे असतात, अंगाला खाज सुटेल. आणि मग पदराआडून पंप काढून मला दाखवलास. "कंपनीनं लई हलका केलाय बग ह्यो. पयल्यांदा जड लागायचा." मी हसले. म्हणाले, या कंपन्या अशाच, आधी चांगलं देतात आणि मग फसवतात. आपण दोघी हसलो. हसता हसता तुला खोकला आला.

मग नंबर आला. मी जिन्याखाली जाऊन खुर्चीवर बसले, फॉर्म काढला, पेन काढलं. पेन काढलं की मी तुझी बहीण राहिले नाही. 'रुग्णाचे नाव' समोर लिहिलं, महानंदा. सासूबाई तुझ्या शेजारी बसल्या होत्या, दाजी मागं उभे होते, त्यांना परत जाऊन कांडप सुरू करायचं होतं म्हणून घड्याळाकडं बघत होते.

झोपमोड होते का? "न्हाई."

कामाला अडथळा? तू सासूबाईंकडं बघितलंस. "सगळं येळंवर हाय."

चालताना दम लागतो का? "न्हाई."

औषध वेळेवर घेतेस का? "घेती की."

बोलताना दम लागतो का? तू नुसती मान हलवलीस. मी 'अजिबात नाही' वर टिक केली.

मी एकदा वर बघितलं. तू माझ्याकडंच बघत होतीस आणि तुझा हात गळ्यातल्या लिंगावर होता. मला शपथेची आठवण करून देत होतीस, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, तो हात छातीवर होता, दुसरं काही नाही. आणि खरं सांगू? मला तुझा रागही होता. म्हटलं, घे, तुझ्या मनासारखं घे, बघू काय होतं. खोकल्याच्या प्रश्नांचे तेवढे आकडे मिळून बेरीज तीन आली. शेवटी एक ओळ असते, 'आणखी काही सांगावयाचे आहे काय?' तू म्हणालीस, "काई न्हाई." मी रेघ मारली.

डॉक्टरांनी नळी लावून छाती बघितली. म्हणाले, "थोडी शिट्टी आहे. पण फॉर्म बरा दिसतोय, मागच्यापेक्षा कितीतरी बरा. सुमनताईंच्या फॉर्मवर माझा भरवसा आहे." गोळ्या लिहून दिल्या. निघताना दाराच्या पायरीवर तू वाकलीस, जोडवं नीट केलंस, जीपमध्ये बसलीस. मी हातसुद्धा हलवला नाही.

आठव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बाजूच्या मेडिकलवाल्याच्या फोनवर निरोप आला की तुला घेऊन जीप निघालीय. मी रस्त्यावर येऊन उभी राहिले. जीप आलीच नाही. ती केजच्या अलीकडूनच मागं फिरली होती. दाजींच्या खांद्याला टेकून, बसूनच गेलीस म्हणे. दाजी वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. तो माणूस मातीच्या दिवशी लेकरासारखा रडत मला विचारत होता, "सुमन, फॉर्म चांगला आलता ना गं? तूच भरलतास ना? मग असं कावून झालं?" 

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन फायलीतून तुझा फॉर्म काढला. जिन्याखाली बसून वाचला. आणि अक्का, मला एकदम ते बाकावरचं बोलणं ऐकू यायला लागलं. झोपेचं विचारलं होतं. तू पोत्याला टेकून झोपतेस हे तू सांगितलं होतंस. कामाचं विचारलं होतं. लेकीची वेणी घालायला हात वर धरवत नाहीत, हे तू सांगितलं होतंस. बोलण्याचं विचारलं होतं. आरती म्हणवत नाही हे तू सांगितलं होतंस, आणि मी विचारलं तेव्हा तुझ्याच्यानं बोलवलंच नाही म्हणून मान हलवलीस. औषधाचं विचारलं होतं. पंप हलका लागतो म्हणालीस. रिकामा होता तो. कधीचा रिकामा होता आणि दुसरा मागायची तुझी छाती नव्हती. चालण्याचं तर तू नागपंचमीपासून सांगत होतीस, दर वीस पावलांवर वाकून.

म्हणजे तू खोटं बोललीच नव्हतीस. जे खुर्चीवर बोलता येत नव्हतं, ते तू आधीच बाकावर बोलून मोकळी झाली होतीस. 'मी बोलन तेच लिव्ह' म्हणालीस. शपथ मीच मोडली, अक्का. तू बोललीस ते मी लिहिलंच नाही.

डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसून परत लावला. मग म्हणाले, "तुमची चूक नाही. तुम्ही नियमाप्रमाणंच लिहिलंत." असं वाटलं की तो घड्याळांचा ढीग त्यांच्या टेबलावरून खाली ढकलून द्यावा. चूक तुमची आहे म्हणाले असते तर मी भांडले तरी असते.

पण मला तुझाही राग येतो, तो जात नाही. एकदा, फक्त एकदा, सासूबाईंसमोर म्हणायचं होतंस, मला दम लागतो. तीन शब्द. काय केलं असतं त्यांनी? घरातून काढलं असतं? माझी खोली होती की अंबाजोगाईला. दोघी राहिलो असतो. पण तू हे ऐकून हसशील आणि म्हणशील, "आणि अण्णांचं तोंड?" मी ओरडून सुटले म्हणून तुझ्या वाट्याचं ओरडणं संपलं, हे मला कुणी तोंडावर सांगत नाही. तूही सांगितलं नाहीस. मीच स्वतःला सांगते, रोज सकाळी, तोंड धुताना.

आज सकाळी मी नांदूरघाटला गेले होते, तुझ्या घरी. सासूबाई थकल्यात, चुलीपुढं बसून असतात. पाणी आता गौरी आणते. मी ओसरीवर बसले होते. समोरून ती कमरेवर कळशी घेऊन आली. तुझी जड पितळी कळशी नाही, प्लास्टिकची. नंदीच्या ओट्यापाशी आल्यावर थांबली, कळशी ओट्यावर टेकवली, आणि खाली वाकून पायाचं बोट चोळायला लागली.

अक्का, पोर बारा वर्षांची. पायात जोडवी कुठून असणार? चप्पलही नव्हती.

मी उठून गेले. "काटा लागला का गं?"

"न्हाई मावशी."

"दम लागला?"

"न्हाई. काईच न्हाई." आणि हसली. अगदी तुझ्यासारखी, गूळ खाऊन आल्यासारखी.

वेणी तिची तिनंच घातली होती, वाकडी, एक बट बाहेर. मी तिला पुढं काही विचारलं नाही. रस्त्यातच खाली बसले, तिला वळवलं आणि तिच्या पोलक्यावरून पाठीला कान लावला. आत बारीक शिट्टी वाजत होती, दाराच्या फटीतून वारं यावं तशी. सासूबाई दारात आल्या. "काय करायलीस गं रस्त्यात?" मी म्हणाले, "ऐकायलेय." आजूबाजूच्या बाया बघत होत्या. बघू देत.

दाजींना मी विचारलं नाही, सांगितलं, गौरीला दवाखान्यात नेतेय. ते कांडपापाशी पांढऱ्या तोंडानं उभे राहिले आणि स्वतःच जीप सांगायला गेले. दवाखान्यात फॉर्म पुढं आला तो मी उलटा करून ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाले, आधी पाठीला नळी लावा, मग माझ्याकडून ऐका, ही पाणी आणताना कुठं थांबते, कशी वाकते. त्यांनी ऐकलं. लिहून घेतलं, त्यांच्या स्वतःच्या हातानं.

आता दुपारचे चार वाजलेत. औषध घेऊन गौरी माझ्या खोलीत झोपलीय. आडवी, अक्का. चटईवर सरळ आडवी, एक हात डोक्याखाली. तिची वेणी मी सोडून नीट घातली. तुला लिहिता लिहिता मी मधूनमधून उठते, तिच्या पाठीला कान लावून येते आणि परत बसते. तुझ्या पाठीला मी एकदाही कान लावला नाही. मधे कागद धरला होता मी.